धोबी, नाखलिएली आणि बाबांचा शेरा

हिब्रूतला पहिला वाक्प्रचार मी शिकले तो स्वयंपाकघरातल्या गळक्या नळामुळे.

शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या उत्तरेला, चार गल्ल्या सोडून, एका दुमजली घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला आहे. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहतात. वय एक्क्याऐंशी. इस्रायलमधल्या हैफाजवळच्या एका गावातून लग्न करून इथे आल्या आणि पुढची सगळी वर्षं मुलांना हिब्रू शिकवली. हिब्रूत बाईंना, म्हणजे शिक्षिकेला, 'मोरा' म्हणतात. त्यांचे पन्नाशीतले जुने विद्यार्थीसुद्धा रस्त्यात भेटले की टोपी सावरून 'मोरा, मोरा' करतात. मग मीही तेच म्हणू लागले. पण मराठी मनाला नुसतं 'मोरा' म्हणवेना, म्हणून मी त्यांना मोराबाई केलं.

तर सप्टेंबरात नळ गळायला लागला. मी खाली जाऊन सांगितलं. मोराबाईंनी शांतपणे मान हलवली आणि म्हणाल्या, "अखरे हाखगीम."

मला वाटलं प्लंबरचं नाव असेल. मी फोनमध्ये लिहून घेऊ लागले, तर म्हणाल्या, "सणांनंतर. त्याचा अर्थ 'सणांनंतर' असा आहे. या महिन्यात आमचं नवं वर्ष, मग उपास, मग मांडवाचा सण. आमच्याकडे या दिवसांत कोणी कोणतंही काम सांगितलं की हेच उत्तर मिळतं. ऋतू कळतो तो यावरूनच."

ही गोष्ट मी नागपूरला फोनवर बाबांना सांगितली. त्यांना काही विशेष वाटलं नाही. "आपल्याकडे नाही का, दिवाळी होऊन जाऊ द्या म्हणतात? सारखंच आहे," ते म्हणाले. "मी येतो ना. नळ मीच करून टाकतो."

बाबा पुढच्याच आठवड्यात आले. तीन महिन्यांचा मुक्काम होता. चौतीस वर्षं वनखात्यात काढून ते वनपाल म्हणून निवृत्त झाले, त्यातली बरीचशी चंद्रपूरकडच्या जंगलात. आई गेल्यापासून नागपूरच्या घरात त्यांचं लक्ष लागत नव्हतं. नळ त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी वॉशर बदलून नीट केला. आणि मग त्यांच्याकडे उरलेले एकोणनव्वद दिवस करायला काहीही नव्हतं.

तेवढ्यात झाडं पिवळी पडायला लागली.

आमच्या गल्लीत मेपलची मोठी झाडं आहेत. लोक लांबून मोटारी घेऊन असली झाडं बघायला जातात. बाबांनी खिडकीतून ती पाहिली, खाली साचलेला पाला पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला काळजी दिसली.

"एवढा वाळका पाला," ते म्हणाले, "आणि घर लाकडाचं."

"बाबा, इथे काही होत नाही."

"वणवा लागायच्या आधी सगळे असंच म्हणतात."

मी ऑफिसच्या कॉलवर बसले. दीड तासाने बाहेर बघितलं तर बाबांनी घराभोवती चारी बाजूंनी सहा फुटांचा पट्टा काडीकाडी झाडून स्वच्छ केला होता. कडा दोरी लावल्यासारख्या सरळ. ती जाळरेषा होती. उन्हाळ्याच्या तोंडावर जंगलात आग पसरू नये म्हणून अशी पट्टी साफ करून ठेवतात. लहानपणी क्वार्टरच्या मागे मी पुष्कळ पाहिल्या आहेत. शिकागोत पहिल्यांदाच पाहत होते.

मोराबाई कमरेवर हात ठेवून अंगणात उभ्या होत्या. मी धावत खाली गेले. बाबांनी झाडू खाली ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, "जय भीम."

"शालोम," मोराबाई म्हणाल्या. मग मला विचारलं, "हे गृहस्थ माझ्या घराभोवती काय काढताहेत?"

मी सांगितलं. मोराबाईंनी त्या पट्ट्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. "माझा नवरा पन्नास वर्षं म्हणत होता, उद्या झाडतो," त्या म्हणाल्या. "यांना चहा विचार."

अशी त्यांची ओळख झाली. आणि माझी दुभाष्याची नोकरी सुरू झाली. बाबांना इंग्रजी वाचता येतं, बोलताना मात्र ते शब्द मोजून टाकतात. मोराबाईंचं इंग्रजी उत्तम, पण त्या भरात आल्या की हिब्रूत शिरतात आणि त्यांना ते कळतही नाही. मी मधल्या खुर्चीवर.

पहिल्याच चहाला वाद झाला. मोराबाई अंगणाकडे हात करून म्हणाल्या, "शलेखेत. पानं गळण्याला आमच्याकडे हा खास शब्द आहे. आणि ऋतूला स्ताव."

"पानगळ," बाबा म्हणाले. "पण पानगळ शिशिरात. होळीच्या आधी. आता तर शरद चालू आहे. ही झाडं चुकलेली आहेत."

मी भाषांतर केलं. मोराबाई खूश झाल्या. "अगदी बरोबर! आमच्याकडेही एवढी झाडं एकदम गळत नाहीत. शब्द आहे, झाडं नाहीत. इथे झाडं आहेत, पण बघायला कोणाला वेळ आहे? आणि त्यांना सांग, स्ताव हा शब्दसुद्धा चुकलेलाच आहे. जुन्या भाषेत त्याचा अर्थ हिवाळा होता, पावसाळी हिवाळा. पुढे लोकांना शरदासाठी शब्द हवा झाला, तेव्हा हाच ओढून घेतला."

"म्हणजे दुसऱ्याच्या जागेवर अतिक्रमण," बाबा म्हणाले. वनखात्याचा माणूस. त्यांना ते लगेच समजलं.

मग मोराबाईंनी आतून एक जाड वही आणली. इथे आल्यापासून दर वर्षी त्या शरद ऋतूच्या खुणा लिहून ठेवत होत्या. पहिलं पिवळं पान, दक्षिणेला निघालेली बदकांची पहिली रांग, खारीने कुंडीत पुरलेलं पहिलं ओकचं फळ, तळघरातली भट्टी पहिल्यांदा पेटते तेव्हा घरभर येणारा जळक्या धुळीचा वास. पण वहीच्या सुरुवातीची तीन पानं वेगळी होती. त्यांवर तीन हिब्रू शब्द होते आणि खाली काहीच नव्हतं.

"हे माझ्या गावचे," त्या म्हणाल्या. "खत्साव. कांद्यासारखा कंद असतो, एकही पान नसताना त्यातून माणसाच्या कमरेएवढा पांढऱ्या फुलांचा दांडा वर येतो. तो दिसला की उन्हाळा संपला. मग योरे, कोरड्या उन्हाळ्यानंतरचा पहिला पाऊस. आणि नाखलिएली. छोटा पक्षी. ओढ्याकाठी राहणारा, म्हणून हे नाव. सणांच्या दिवसांत तो शाळेच्या पटांगणात यायचा आणि शेपूट अशी खालीवर, खालीवर..." त्यांनी दोन बोटांनी टेबलावर ते करून दाखवलं.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "शेपूट हलवतो? चालतो का उड्या मारतो?"

"चालतो."

"काळापांढरा?"

"काळापांढरा!"

"अहो, हा तर धोबी!" बाबा मराठीतच ओरडले. मग मला म्हणाले, "सांग त्यांना. पाऊस सरला, नदीकाठची वाळू उघडी पडली, की येतो आपल्याकडे. उत्तरेतून. एक दिवस नसतो, दुसऱ्या दिवशी असतो."

मी फोनवर चित्र काढून दोघांपुढे धरलं. दोघांनी एकाच वेळी काचेवर बोट ठेवलं. एक धोबी म्हणाले, एक नाखलिएली म्हणाल्या. चंद्रपूर आणि हैफा या दोन्ही ठिकाणी हिवाळ्याला हाच पाहुणा जातो, हे कळल्यावर दोघांना जो आनंद झाला, तसा मला माझ्या प्रमोशनचाही झाला नव्हता.

"इतकी वर्षं झाली," मोराबाई म्हणाल्या, "इथे एकदाही दिसला नाही."

"मी शोधून देतो," बाबा म्हणाले.

चित्राच्या खाली लिहिलेलं मी वाचलं होतं. हा पक्षी अमेरिकेच्या या भागात येत नाही. मी ते दोघांपैकी कोणालाही सांगितलं नाही. "बाबा म्हणतात, प्रयत्न करतील," एवढंच भाषांतर केलं. आता वाटतं, पुढच्या सगळ्या गोंधळाला माझं हे अर्धंच भाषांतर कारण होतं.

बाबा रोज सकाळी नाश्ता करून निघायचे. डोक्याला मफलर, अंगात माझं जुनं, गुलाबी अस्तराचं जॅकेट. डेव्हन ओलांडून पलीकडच्या पार्कात जायचे आणि साडेअकराला परत यायचे. परत आल्यावर पक्ष्यांपेक्षा माणसांचीच बातमी जास्त. "बेटा, इथे लोक दाराच्या पायऱ्यांवर भोपळे ठेवतात आणि कुजू देतात. काहून?" किंवा, "आज एका दुकानात कडबा पाहिला. मक्याचा. लोक सजावटीला विकत घेऊन चालले होते. बैल नाही काही नाही!"

आठव्या की नवव्या दिवशी ते साडेदहालाच आले. धापा टाकत होते.

"सापडला!"

मी कॉल म्यूट केला. "बाबा, नक्की?"

"शेपूट बघितली मी. खालीवर, खालीवर. गवतात चालत होता. मोराबाईंना बोलाव."

मोराबाई तीन मिनिटांत तयार होऊन आल्या. डोक्यावर निळी हॅट, ओठांना लिपस्टिक. मी ऑफिसला 'घरी प्लंबर आला आहे' असं कळवलं आणि निघाले. पुढे बाबा, मध्ये चाकांचा वॉकर ढकलत मोराबाई, मागे मी. डेव्हनच्या चौकात सिग्नल अर्ध्यातच बदलला. मोराबाई रस्त्याच्या मधोमध आणि समोरून बस. बाबांनी मागे वळून एक हात वर केला. चोरट्या सागाचा ट्रक अडवताना करायचे अगदी तसा. बस थांबली. ड्रायव्हर घाबरून कागदपत्रं दाखवतो की काय असं मला वाटलं. डेव्हनवरच्या देशी साडीच्या दुकानातल्या बायका काचेशी येऊन बघत होत्या. मोराबाईंनी त्यांच्याकडे पाहून राणीसारखा हात हलवला.

पार्कात बाबांनी आम्हाला एका बाकाजवळ थांबवलं. "आवाज नाही." दहा मिनिटं गेली. मग पिवळ्या पाल्यातून एक एवढासा पक्षी बाहेर आला. शेपूट खालीवर, खालीवर.

मोराबाईंनी माझा दंड घट्ट धरला. "नाखलिएली," त्या अगदी हळू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

मी बाबांकडे पाहिलं. ते पक्ष्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा पडत चालला होता. पक्षी आणखी जवळ आला. काळापांढरा नव्हता. मातकट होता, डोक्यावर तांबूस टोपी, शेपटीखाली पिवळा.

तेवढ्यात गळ्यात दुर्बीण अडकवलेली एक तरुणी मागून आली आणि आनंदाने म्हणाली, "पाम वॉर्ब्लर! किती छान दिसतोय ना? शेपटीवरूनच ओळखायचा."

"नाही," मोराबाई तिला म्हणाल्या. "हा नाखलिएली आहे."

"मॅम, मला वाटतं..."

"मुली, मी याच्याबरोबर लहानाची मोठी झाले आहे."

ती बिचारी माझ्याकडे बघू लागली. मी बाबांकडे बघितलं. बाबा घसा खाकरून मराठीत म्हणाले, "पोरगी बरोबर बोलते. हा धोबी नाही. दुरून चूक झाली माझी."

आता हे मला सांगावं लागलं. मी जमेल तेवढं मऊ करून सांगितलं. मोराबाईंनी ऐकून घेतलं आणि हनुवटी वर केली. "शरद ऋतूत आला. जमिनीवर चालतो. शेपूट हलवतो. माझ्यासाठी एवढं पुरे. मी आज वहीत लिहिणार. त्यांना साक्षीदार म्हणून सही करायला सांग."

"खोट्या नोंदीवर सही?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "चौतीस वर्षांत एकदाही केली नाही मी. साहेब म्हणाले होते, गणनेत वाघाचे दोन माग जास्त दाखव. मी म्हणालो, वाघाला सांगा, तो चालून गेला तर दाखवतो. त्यापायी बदली झाली माझी, सांग त्यांना!"

मी सांगितलं. मोराबाई म्हणाल्या, "हा वाघ नाही, एवढासा पक्षी आहे."

"एवढाशानेच सुरुवात होते," बाबा म्हणाले.

दुर्बीणवाली मुलगी केव्हा पसार झाली कळलंही नाही. आम्ही त्याच क्रमाने परत आलो.

पुढचे चार दिवस फार वाईट गेले. दोघं मला एकमेकांचे निरोप देत होते. "त्यांना सांग, जिन्यात जोडे काढू नका." "त्यांना सांग, जोडे कुठे काढायचे ते एकदा लिहून द्या, म्हणजे नोंद राहील." मी मध्ये वैतागून गेले. एकदा मोराबाईंना म्हणाले, "तुम्हालाही माहीत आहे ना, तो तो पक्षी नव्हता?"

त्या कपबशी पुसत होत्या. "मला चष्मा आहे, मी आंधळी नाही," त्या म्हणाल्या. "पण एक दिवस तो असता तर कोणाचं काय बिघडलं असतं?"

हे मी वर जाऊन बाबांना सांगितलं. त्या रात्री ते जेवले कमी.

मग मांडवाचा सण आला. या सणात अंगणात तात्पुरता मांडव घालून सात दिवस त्यात जेवायचं असतं. त्या मांडवाला 'सुका' म्हणतात. छप्पर तोडलेल्या फांद्यापाल्याचंच हवं, आणि त्यातून आकाश दिसायला हवं. मोराबाईंचा भाचा दर वर्षी तो घालून देतो. तो दातांचा डॉक्टर आहे. दुपारी तो आला, पाइप उभे केले आणि वर बांबू बांधायला लागला.

बाबा वरच्या खिडकीतून बघत होते. "अशी गाठ मारतात का? ... अरे, तिढा दे, तिढा ... पडणार. हे पडणार." तिसऱ्यांदा बांबू भाच्याच्या खांद्यावर पडला, तेव्हा बाबांना राहवलं नाही. पायांत चपला सरकवून ते खाली गेले. भाच्याच्या हातातली दोरी काढून घेतली. भाचा सुटल्यासारखा बाजूला झाला.

दोन तासांत बाबांनी मांडव उभा केला. नुसता उभा नाही, हत्ती टेकला असता तरी हलला नसता असा. मग मला पिटाळून त्या दुकानातून मक्याचा कडबा आणवला आणि वर पसरला. "याला काय म्हणतात?" त्यांनी मला विचारलं. मी 'सुका' म्हणून सांगितलं. "नाव बरोबर आहे," ते म्हणाले. "कडबा सुकाच आहे."

मोराबाई आत येऊन खाली उभ्या राहिल्या आणि मान वर करून बघू लागल्या. ठिकठिकाणी आकाशाचे तुकडे दिसत होते. "इतका चांगला कधीच झाला नव्हता," त्या भाच्यासमोरच म्हणाल्या. भाच्याने वाईट वाटून घेतलं नाही. तो घरी गेला.

मग बाबा मला म्हणाले, "त्यांना वही आणायला सांग."

वही आली. बाबा बाकावर बसले. "खात्याच्या नोंदवहीत शेवटी एक रकाना असतो. शेरा. खरी नोंद केल्यावर, अधिकाऱ्याला आणखी काही वाटलं तर ते तिथे लिहायचं. त्यांना सांग, असं लिहा: पाम वॉर्ब्लर, एक. शेरा: शेपूट हुबेहूब धोब्याची. मग मी सही करतो."

मोराबाईंनी जरा विचार केला आणि पेन काढलं. नाखलिएलीच्या कोऱ्या पानावर त्यांनी उजवीकडून डावीकडे बराच मजकूर लिहिला. मला तो जरा लांब वाटला.

"हेच लिहिलंय ना?" बाबांनी विचारलं.

"शब्द न शब्द," मोराबाई म्हणाल्या.

बाबांनी खाली मराठीत झोकदार सही केली, पदासकट. वरती काय आहे ते आजतागायत आम्हाला माहीत नाही.

त्या संध्याकाळी पौर्णिमा होती. त्यांच्या सणाचा पहिला दिवस, आणि आमची आश्विन पौर्णिमा. वर्षावास त्या दिवशी संपतो. पावसाचे तीन महिने एका ठिकाणी राहिलेले भिक्खू त्यानंतर पुन्हा चालायला निघतात. आमच्या घरी त्या दिवशी खीर असते. मोराबाई ज्यू धर्मातले खाण्यापिण्याचे नियम पाळतात, दुधाची आणि मांसाची भांडी वेगळी ठेवतात, त्यामुळे खीर त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच दुधाच्या पातेल्यात, त्यांच्याच देखरेखीखाली दुपारी झाली होती. मी साखर किती घालते यावर त्यांचंही एक मत होतं आणि बाबांचंही, आणि ती दोन मतं वेगळी होती.

आम्ही मांडवात बसलो. चंद्र कडब्यातून दिसत होता. चार घास झाले असतील, तोच ढग आले आणि पाऊस सुरू झाला. थेट ताटात.

मी उत्साहाने म्हणाले, "हाच का तो योरे?"

मोराबाईंनी माझ्याकडे वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलीकडे बघावं तसं बघितलं. "मंगळवारी दिवसभर पडला तो काय होता मग? चला, आत. पाऊस आला की मांडवात बसायची सक्ती नाही."

बाबा जागचे हलेनात. "माझ्या मांडवात पाणी आलं म्हणून उठायचं? ताडपत्री आण, दोन मिनिटांत टाकतो."

"ताडपत्री चालत नाही, बाबा. आकाश दिसायला हवं."

"आकाश दिसतंय ना, म्हणून तर भिजतोय!"

शेवटी मोराबाईंनी त्यांच्या पुढचं खिरीचं पातेलं उचललं आणि त्या वॉकर तिथेच सोडून आत चालू लागल्या. खीर गेली म्हटल्यावर बाबाही उठले.

आत गेल्यावर दोघांनी टॉवेलने डोकी पुसली आणि टेबलाशी बसून पुन्हा खीर घेतली. मी भांडी धुवायला ओट्याशी गेले. पाठीमागे दोघांचं बोलणं सुरू झालं. नळाच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं, पण रंगलं होतं. मधूनच हसत होते. मी नळ बंद करून ऐकलं. मोराबाई हिब्रूत, हातांनी पोटावर रेघा ओढत, नवऱ्याच्या मूत्रपिंडाच्या ऑपरेशनची हकीकत सांगत होत्या. ती मी इंग्रजीत दोनदा ऐकली होती, म्हणून ओळखली. बाबा मराठीत, बिबट्याची विष्ठा आणि वाघाची विष्ठा यांतला फरक समजावून सांगत होते. दोघंही एकमेकांना "हं, हं" म्हणून मान डोलावत होते.

"भाषांतर करू का?" मी विचारलं.

"काही गरज नाही," बाबा म्हणाले. "तू भांडी घास."